जिरॅनियम मार्चमध्ये फेकू नका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीतलं बागेचं सदर मी नेमानं वाचतो आणि बहुतेक वेळा ते पटतं. पण गेल्या आठवड्यातला जिरॅनियमवरचा सल्ला काही केल्या घशाखाली उतरला नाही. आपल्या हवेत हे एका हंगामाचं झाड, नोव्हेंबरात रोपवाटिकेतून आणावं आणि मार्चमध्ये टाकून द्यावं, असं त्यात आहे. मी वाईला राहतो. एसटीत वाहक होतो, २०१४ साली निवृत्त झालो. माझ्या ओसरीवरचं जिरॅनियम १९८४ पासून आहे. माझी नोकरी संपली, त्याची अजून चालू आहे. तेव्हा त्याच्या वतीनं हे पत्र.

हे झाड मला मिळालं पांचगणीत. त्या काळात माझी ड्यूटी मुक्कामी गाडीवर असे. संध्याकाळी पसरणीचा घाट चढायचा, रात्री गाडीतच सीटवर पथारी टाकायची आणि सकाळची पहिली फेरी घेऊन खाली यायचं. डिसेंबरात त्या रेक्झिनच्या सीटला पाठ टेकवत नसे. चार-साडेचारला उठून अंगात ऊब येईपर्यंत चालत राहायचं, हा माझा उद्योग. परतताना उजाडलेलं असे. त्या वाटेवर एका पारशी बाईंचा जुना बंगला होता. जांभ्याची बुटकी भिंत, आत पायऱ्या, आणि पायऱ्यांच्या दोन्ही अंगांना रॉकेलचे कापलेले डबे. त्या डब्यांत हे झाड. खोड मनगटाएवढं, उंची कमरेपर्यंत, आणि सगळ्या सिल्व्हर ओकांच्या करड्या पहाटेत तेवढंच लाल. आमच्या गाडीचा लाल नव्हे हो. आमच्या गाडीच्या लालमध्ये धूळ असते.

मी ते फूल तोवर फक्त केस कापायच्या दुकानातल्या कॅलेंडरवर पाहिलं होतं. बर्फाचा डोंगर, लाकडी घर, आणि खिडकीखाली ओळीनं लाल गुच्छ. मला वाटे, हे साहेबाच्या देशातलं, आपल्याला बघायला कुठलं मिळणार. आणि इथं वाईपासून बारा-तेरा किलोमीटरवर ते रॉकेलच्या डब्यात उभं!

बंगल्याचे माळीबाबा त्याला ‘जिरान्या’ म्हणत. मी रोज भिंतीशी थांबतो हे बघून एक दिवस त्यांनी आपणहून विळीनं एक फांदी तोडून हातात दिली. “घ्या की. दोन डोळ्यांची काडी लागती.” मी ती मोठ्या निगुतीनं ओल्या रुमालात गुंडाळली, घाट उतरून घरी आणली, लगेच कुंडीत लावली, वर तांब्याभर पाणी. आठ दिवसांत बुडाकडून काळी पडली आणि मऊ होऊन आडवी झाली. दुसरी आणली, तिचंही तेच.

तिसरी काडी वाचली ती माझ्या विसराळूपणामुळं. खाकी कोटाच्या खिशात ठेवली आणि विसरलो. पुढं साप्ताहिक सुट्टी, तिला जोडून भोरला एक लग्न. कोट चार दिवस खुंटीवर. धुवायला काढताना सौ.नं खिसा उलटा केला आणि म्हणाली, “हा काय पालापाचोळा आणलाय?” पानं मलूल झाली होती, पण कापलेल्या टोकावर पांढुरकी, कोरडी खपली धरली होती, गुडघा खरचटल्यावर धरते तशी. मी हट्टानं डालडाच्या डब्याला खालून खिळ्यानं भोकं पाडली आणि त्यात ती खोचली. पाणी नावापुरतं. पंधरा-वीस दिवसांनी वरच्या डोळ्यातून मुगाएवढं घडी घातलेलं पान निघालं.

माळीबाबांना सांगितलं तर ते हसायलाच लागले. जखम वाळू द्यायची असते, ओली जखम मातीत घातली की नासते, तुम्ही दोन्ही काड्या पाण्यात बुडवून मारल्या म्हणाले. बाई व्हरांड्यात चहा घेत होत्या, त्यांनी तिथूनच आवाज दिला, “कंडक्टर, याला जास्ती पाणी नाय घालायचा हां. याला विसरून जायचा!”

संपादक महाराज, चाळीस वर्षांत मी या झाडाबद्दल पुष्कळ ऐकलं-वाचलं, पण याहून कामाचं वाक्य ऐकलं नाही. आपल्याकडं जिरॅनियम मरतं ते बहुतेक वेळा प्रेमानं मरतं. रोज सकाळी तुळशीला पाणी घालता घालता उरलेलं याच्या कुंडीत ओतलं की महिन्याभरात खोड खालून काळं. मग आपण म्हणायचं, हवा मानवली नाही.

हवेचं कारण अगदीच खोटं नाही. पांचगणी समुद्रसपाटीपासून साधारण १,३०० मीटरवर आणि वाई सातशेच्या आसपास. वर-खाली चार अंशांचा फरक मी रोज अंगावर घेतलेला आहे. घाटाच्या वरच्या वळणावर स्वेटर, खाली स्टँडवर घाम. एप्रिलमध्ये वाईचा पारा ३८ च्या पुढं गेला की जिरॅनियम फुलायचं थांबतं, पानं पिवळी पडतात, झाड रुसल्यासारखं दिसतं. पण रुसलं म्हणजे मेलं नव्हे. त्यालाच लोक उचलून कचऱ्यात टाकतात, आणि माझं भांडण नेमकं तिथं आहे.

माझी मुलगी वनस्पतिशास्त्रात बी.एस्सी. झाली. एकदा सुट्टीत आली, ओसरीवर बसली आणि म्हणाली, “आप्पा, हे जिरॅनियम नाहीच.” मी म्हटलं, काय बोलतेस? तर तिनं समजावलं. शास्त्रात याचं नाव पेलार्गोनियम. १७५३ साली लिनियसनं या सगळ्या झाडांना एकाच जिरॅनियम नावाखाली बसवलं. पुढं १७८९ मध्ये लेरिटिए नावाच्या फ्रेंच माणसानं आफ्रिकेकडची ही मंडळी वेगळी काढली. पण तोवर लोकांच्या तोंडात पहिलं नाव बसलं होतं, ते काही सुटलं नाही. आमच्याकडं एखाद्या थांब्यावरचं वडाचं झाड जाऊन तीस वर्षं होतात, तरी उतारू तिकीट ‘वडाजवळ’चंच मागतात, त्यातला प्रकार. दोन्ही नावं ग्रीकमधली आणि दोन्ही पक्ष्यांची. जिरॅनियम म्हणजे क्रौंचाचं आणि पेलार्गोनियम म्हणजे बलाकाचं, कारण फूल गळल्यावर जे फळ धरतं ते लांब चोचीसारखं दिसतं.

ओळखायची खूण तिनं फुलावरच दाखवली. आमच्या फुलाच्या पाच पाकळ्या सारख्या नसतात. वरच्या दोन एका बाजूला, खालच्या तीन दुसऱ्या बाजूला, म्हणजे फुलाला चेहरा असतो. खऱ्या जिरॅनियमच्या पाचही पाकळ्या सारख्या, चक्रासारख्या. ते हिमालयात रानोमाळ उगवतं. मुलगी नंतर उत्तराखंडात व्हॅली ऑफ फ्लॉवर्सला गेली तेव्हा तिनं त्याचा जांभळट फोटो पाठवला, ‘तुमच्या झाडाचा भाऊ’ म्हणून. भाऊ देखणा आहे. पण तो थंडी-बर्फातला, आमच्या ओसरीवर टिकायचा नाही.

मग आमचं कुठलं? तर तेही साहेबाच्या देशातलं नाही. कॅलेंडरनं मला वर्षानुवर्षं फसवलं. हे दक्षिण आफ्रिकेच्या टोकाकडचं. त्यातली एक जात जॉन ट्रेडस्कँट नावाच्या माळ्यानं १६३१ साली पॅरिसहून इंग्लंडात नेल्याची नोंद आहे, आणि बाकीच्या जाती मागाहून जहाजांबरोबर युरोपात पोचल्या. खडकाळ, उन्हाच्या, कोरड्या जागेत वाढायची सवय, म्हणून खोड जाड आणि आत पाण्याची शिल्लक बाळगणारं. हे ऐकलं आणि माझी चार दिवस खिशात राहिलेली काडी का जगली ते उमगलं. आणि युरोपातली माणसंसुद्धा हिवाळ्यात याला घरात घेतात, छाटून ठेवतात, काड्या जपतात. तिथल्या बर्फात ते उघड्यावर जगत नाही. म्हणजे कॅलेंडरवरच्या त्या खिडक्याही दरवर्षी कुणीतरी नव्यानं सजवतं. तिथं थंडी सांभाळायची, इथं ऊन आणि पाऊस सांभाळायचा, एवढाच फरक.

आता सौ.ची बाजू सांगतो, नाहीतर पत्र एकतर्फी होईल. तिला हे झाड आवडत नसे. तिचा हिशेब सरळ. देवाला चालत नाही, वेणीत माळता येत नाही, वास नाही, चटणीत पडत नाही, औषधालाही नाही. “मग ते करायचं काय?” पान चुरगळलं तर त्याला एक उग्र दर्प येतो, तोही तिला नको. मला तो ओळखीचा वाटे. दिवसभर चिल्लर मोजल्यावर बोटांना जो वास राहतो ना, तांब्या-निकेलचा, घामट, त्याच्या जवळपासचा. ती म्हणे, “घरी आलात तरी हाताला चिल्लरच.”

तिच्या प्रश्नाला माझ्याकडं उत्तर नव्हतं, अजून नाही. पण ड्यूटीवरून आल्यावर मी पायातले बूट काढायच्या आधी त्या कुंडीपाशी वाकत असे, हे खरं. कळ्यांचा गुच्छ आधी मान खाली घालून लोंबत असतो. मग एकेक कळी देठ ताठ करत वर उठते आणि उमलते. रोज दोन-तीन. काल खाली बघणारी आज समोर बघते. वाळलेल्या गुच्छाचा दांडा बुडाशी धरून बाजूला वाकवला की टक् करून तुटतो. तिकिटाला चिमटा मारल्यावर जो आवाज येतो, तोच. तीस-बत्तीस वर्षं तो आवाज ऐकलेल्या माणसाला त्यात काय वाटतं ते दुसऱ्याला सांगून कळायचं नाही. २०१० च्या आसपास हातात मशीन आलं आणि चिमटा गेला, तेव्हापासून तो आवाज मला फक्त ओसरीवर मिळतो.

एका वर्षी माघी गणेश जयंतीला आमची जास्वंद खारीनं की कुणी ओरबाडून ठेवली होती. बाजारात जाईपर्यंत उशीर झाला असता. मी आंघोळ करून आलो तर गणपतीच्या पुढ्यात जिरॅनियमचा अख्खा गुच्छ. मी काही बोललो नाही. तीच म्हणाली, “लाल आहे ना, मग झालं.” तेव्हापासून त्याच्यावरचा बहिष्कार उठला. मात्र एकादशीला पांडुरंगाला तुळसच, तिथं तडजोड नाही.

बी धरलेलं मी फार क्वचित पाहिलं, पण एकदा मार्चमध्ये दोन-चार चोची धरल्या. पिकल्यावर चोच बुडाकडून उकलते आणि पाच बिया सुटतात. प्रत्येकीला पिसासारखी शेपटी, आणि ती शेपटी स्क्रूसारखी पिळलेली. मुलीनं एक बी माझ्या तळहातावर ठेवली आणि बोटानं पाण्याचा थेंब सोडला. शेपटी हळूहळू उलटी फिरत सरळ झाली. वाळली की पुन्हा पीळ. रानात दवानं ओली, उन्हानं कोरडी होत होत ती बी स्वतःला मातीत पेचासारखी रुतवून घेते. सौ. स्वयंपाक सोडून बघायला आली. गॅसवर दूध होतं, ते उतू गेलं, त्याचा दोष मात्र मला आला.

आता मूळ मुद्दा. गाड्यांसारखं या झाडाचंही वेळापत्रक आहे, आणि ते पाळलं तर सातारा-पुण्याकडच्या हवेत ते वर्षानुवर्षं राहतं. फेब्रुवारीत, झाड भर फुलात असताना, मन घट्ट करून शेंड्याच्या चार बोटं लांबीच्या काड्या काढायच्या. फूल-कळी असलेली काडी नको, तिची ताकद फुलातच जाते. डोळ्याच्या किंचित खाली स्वच्छ काप घ्यायचा, खालची पानं काढायची आणि काड्या सावलीत वर्तमानपत्रावर एक-दोन दिवस तशाच पडू द्यायच्या. (आपलं वर्तमानपत्र चालतं.) मग निम्मी माती, निम्मी नदीची जाड वाळू, आणि मातीची साधी कुंडी, प्लास्टिक आणि चिनी मातीच्या कुंडीत ओल धरून राहते. कुंडी लहान घ्यावी. एप्रिल-मे पूर्वेच्या वळचणीला, म्हणजे सकाळचं ऊन मिळतं आणि दुपारचं टळतं. वरची माती बोटाच्या पेराएवढी कोरडी लागली तरच पाणी, आणि तेही मातीत, पानांवर नाही. पावसाळ्यात पागोळीचा थेंबही त्यावर पडू द्यायचा नाही. पानाच्या मागं तपकिरी ठिपक्यांची कडी दिसली तर तो तांबेरा. ती पानं खुडून लांब टाकायची, खतात नाही. ऑक्टोबरात छाटणी, नवी माती, मूठभर कुजलेलं शेणखत. डिसेंबर ते मार्च फुलं. म्हाताऱ्या झाडानं जून-जुलैत मान टाकली तर टाकू द्या, त्याचीच काडी शेजारच्या कुंडीत उभी असते. त्या काडीत तेच झाड असतं, बीपासून आलेलं दुसरं नव्हे. म्हणून मी माझं झाड १९८४ चं म्हणतो.

तरीही ते माझ्या हातून तीनदा गेलं, हे कबूल करतो. २००५ च्या पावसाळ्यात तर कृष्णेला पूर, आठवडेच्या आठवडे सूर्य नाही, ओसरीपर्यंत ओल. सगळ्या कुंड्या सडल्या. तेव्हा आठवलं की फलटणच्या एका चालकाला मी काडी दिली होती. फलटण कोरडं. त्याच्या घरी पत्र्याच्या डब्यात झाड मस्त उभं होतं. त्यानं मला चार काड्या कागदात बांधून परत दिल्या आणि वर म्हणाला, “घे, सुट्टे परत.” आणखी एकदा बहिणीकडून आणलं, एकदा शेजारच्या गुरुजींकडून. म्हणून मी मागेल त्याला काडी देतो. बँकेत ठेव ठेवतात तशी मी ती गावोगाव ठेवलेली आहे, व्याजाची अपेक्षा नाही. पांचगणीचा तो बंगला आता राहिला नाही, तिथं लॉज झालं. माळीबाबा तर केव्हाच गेले. त्यांच्या नातवाला मागच्या हिवाळ्यात मी त्याच झाडाच्या सहा काड्या वर नेऊन दिल्या, माझ्या ज्येष्ठ नागरिकाच्या पासावर. काड्यांचं तिकीट काढलं नाही.

जाता जाता दोन गैरसमज. आपल्याच वर्तमानपत्रात मधे जिरेनियमच्या शेतीची आणि तेलाची बातमी आली होती. ती वाचून एक ओळखीचे शेतकरी माझ्याकडं अर्ध्या एकराला पुरतील एवढ्या काड्या मागायला आले. त्यांना निराश करावं लागलं. तेलाचं जिरेनियम वेगळं. त्याची पानं फाटीव, हात लावला की गुलाबासारखा वास, फुलं बारीक, फिकट गुलाबी. पाला कापून वाफेवर त्याचं तेल काढतात आणि ते अत्तरा-साबणाला जातं. माझ्या झाडाचा पाला उकळला तर फक्त घर वासेल. दुसरं, काही रोपवाटिका ‘डास पळवणारं जिरॅनियम’ म्हणून रोप विकतात. मी एक आणून संध्याकाळी खुर्चीशेजारी ठेवलं. पहिला डास माझ्या पोटरीवर बसला, दुसरा त्या झाडाच्या पानावर.

माझी विनंती एवढीच. हे पत्र छापायचं तर फेब्रुवारी संपायच्या आत छापावं. एप्रिलमध्ये छापून उपयोग नाही, तोवर लोकांनी कुंड्या रिकाम्या केलेल्या असतील. आणि कृपया माझं नाव देऊ नये. काड्या सध्या सातच उरल्या आहेत आणि त्यातल्या चार सांगून ठेवलेल्या आहेत.

आपला,
एक निवृत्त वाहक, वाई

ता. क. : पत्र सौ.ला वाचून दाखवलं. ती म्हणते, साल १९८४ नव्हे, ८५. भोरचं ते लग्न तिच्या मावसबहिणीचं होतं आणि त्या वेळी आमची थोरली रांगत होती. शिवाय दूध उतू गेलं तेव्हा ती बी बघायला आली नव्हती, मीच तिला हाका मारत होतो. साल दुरुस्त करून घ्यावं. दुधाचं राहू द्या.